जुना फोटो एआयने दुरुस्त करताना चेहरा कसा सांभाळायचा

घरातले पिवळे पडलेले, चिरा गेलेले फोटो एआयला देऊन लख्ख करून घ्यायची सध्या लाट आहे. कुणाला वर्षश्राद्धाला लावायला आजोबांचा फोटो हवा असतो आणि घरात असतो तो फक्त रेशनकार्डावरचा, अर्ध्या कपाळावर शिक्का बसलेला. कुणाला आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीला जुना फोटो मोठा करून द्यायचा असतो. ॲपमध्ये टाकला की दहा सेकंदांत फोटो चकाचक होतो आणि सगळे खूश होतात. मग आत्या चष्मा लावून जवळून बघते आणि म्हणते, "छान आलाय रे, पण हे दादा नव्हेत."

असे फोटो मी घरच्यांसाठी आणि सोयऱ्याधायऱ्यांसाठी बरेच करून दिलेत. त्यातून पक्कं समजलेलं एवढंच की चिरा, डाग, बुरशी, फाटका कोपरा ही कामं एआयकडून बिनधास्त करून घ्यावीत. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र त्याच्यावर एका पैशाचाही विश्वास टाकू नये. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

असं का होतं, ते आधी समजून घ्या. एआय फोटोत हरवलेलं काही शोधून काढत नाही, तिथे काय असेल याचा अंदाज बांधून नवं चित्र काढतं. चेहरे दुरुस्त करणारं जीएफपीगॅन हे २०२१ मधलं मॉडेल आजही अनेक ठिकाणी वापरलं जातं. ते शिकलं इंटरनेटवरच्या सत्तर हजार चेहऱ्यांच्या एका संग्रहावर. तुमच्या पणजीचा चेहरा पुसट असला की ते त्या सत्तर हजारांतून जमलेली सरासरी तिच्या तोंडावर बसवतं. म्हणून अशा फोटोंतली सगळी माणसं एकमेकांची चुलत भावंडं वाटतात: तुकतुकीत कातडी, कोरलेल्या भुवया, सारखेच दात.

काय काय लागेल

- मूळ फोटो. फोटोचा फोटो किंवा व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत चालणार नाही.
- फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काचेवर फोटो पालथा ठेवायचा असतो तो. नसेल तर बरा कॅमेरा असलेला फोन आणि खिडकीजवळची जागा.
- मऊ कोरडा ब्रश आणि धुऊन कोरडे केलेले हात.
- एक एआय साधन आणि एकावर एक थर (लेयर) लावता येतील असा एक साधा एडिटर. गिंप फुकट आहे. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही.
- त्याच माणसाचा दुसरा एखादा फोटो, कुठल्याही वयातला.
- त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीतरी. यादीत शेवटी असलं तरी हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

१. फोटो हाताळणं

ओल्या फडक्याने पुसू नका, कॉलिन तर मुळीच मारू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्रेममधले फोटो काचेला चिकटतात. तसा असेल तर ओढून काढायचा मोह आवरा, कारण चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. काचेसकटच स्कॅन करा. पांढरी बुरशी दिसत असेल तर मोकळ्या हवेत, कोरड्या ब्रशने, हलक्या हाताने झटका आणि तो फोटो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेल्या फोटोखालून दात साफ करायचा धागा हळूहळू सरकवत न्या, बहुतेक वेळा फोटो सुटतो. न सुटल्यास पानासकट स्कॅन करा.

२. स्कॅन

पुढचं सगळं यावर उभं आहे आणि लोक नेमकी इथेच घाई करतात.

साध्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००. पासपोर्ट फोटो असतो ३५ बाय ४५ मिलिमीटर. १२०० ला त्याचे साधारण १६५० बाय २१०० पिक्सेल मिळतात, म्हणजे काम करण्याजोगं काहीतरी हाती येतं. समूहाच्या फोटोत एकेक चेहरा जेमतेम पाच मिलिमीटर रुंद असतो. ६०० ला त्याचे शंभर-सव्वाशे पिक्सेल होतात. जुने स्टुडिओतले फोटो मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून थेट कागदावर छापलेले असत, त्यामुळे त्यांत डोळ्याला दिसतो त्याहून जास्त तपशील असतो. असा फोटो असेल तर १२०० ला करून बघाच.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करा. पिवळा डाग आणि खरी सावली यांतला फरक रंगावरूनच कळतो, करड्या स्कॅनमध्ये दोन्ही एकच होऊन बसतात. स्कॅनरमधली धूळ काढणं, धार वाढवणं असली सगळी आपोआप चालणारी बटणं बंद करा. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा.

फोनने काढणार असाल तर फ्लॅश नको, उन्हाची तिरीपही नको. ढगाळ दिवशी खिडकीपाशी फोटो सपाट ठेवा आणि फोन त्याला समांतर धरा. अगदी जवळ जाण्यापेक्षा थोडं लांबून दुप्पट झूमवर काढा, नाहीतर मधला चेहरा फुगतो. वर काच असेल आणि तुमचंच प्रतिबिंब दिसत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढा. गुगलचं फोटोस्कॅन ॲप पाच ठिकाणांहून फोटो काढून चकाकी घालवतं, तेही घाईच्या वेळी बरं. ब्युटी मोड आणि फोनचं स्वतःचं एआय सुधार बंद आहे ना, ते आधी बघा.

जुन्या कृष्णधवल फोटोंच्या कडांना कधी कधी निळसर, आरशासारखी झाक येते. फोटोतली चांदी वर येऊन ती झाक बनते. स्कॅनरमध्ये तिथे धुकं दिसतं आणि एआयला तो भाग ढग वाटतो. अशा वेळी स्कॅनर बाजूला ठेवा आणि फोटो किंचित कलवत, उजेड बाजूने घेत, झाक नाहीशी होईल त्या कोनात फोनने काढा.

दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडून फोटो मागवत असाल तर त्यांना स्पष्ट सांगा: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर वाटेतच त्याचा चोथा होतो.

३. एआयच्या आधीची साधी कामं

कड कापा, वाकडा असेल तर सरळ करा, काळा-पांढरा तोल नीट लावा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो. साध्या एडिटरमध्ये लाल थोडा कमी केला तरी निम्मा फोटो जागेवर येतो. बऱ्याच फोटोंचं काम इथेच संपतं. मग उगाच एआयच्या वाटेला जायचं कशाला?

४. साधन निवडणं

दोन जाती आहेत. पहिलीत फक्त दुरुस्ती करणारी साधनं येतात: फोटोशॉपचे न्यूरल फिल्टर, रेमिनी, मायहेरिटेज, कोडफॉर्मर. दुसरीत आपण शब्दांत सांगतो आणि ते चित्र बनवतं: जेमिनी, चॅटजीपीटी. २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्यांचे फोटो ॲनिमेशनपटासारखे झाले आणि सप्टेंबरमध्ये घरोघरच्या मुली शिफॉनच्या साडीत, उडत्या पदरात दिसू लागल्या, ती करामत या दुसऱ्या जातीची. गंमत म्हणून ठीक. पण ही साधनं चित्र जवळपास अख्खं नव्याने काढतात, म्हणून जुन्या चेहऱ्याला यांचाच धोका जास्त.

कोडफॉर्मरमध्ये शून्य ते एक अशी एक पट्टी असते. एककडे नेलं तर मूळ चेहऱ्याशी प्रामाणिक, शून्याकडे नेलं तर देखणा पण परका. ०.७ च्या खाली सहसा जाऊ नये असं माझं मत. फक्त आकार वाढवायचा असेल तर अपस्केल (Upscayl) नावाचा फुकट प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर चालतो, फोटो कुणाच्या सर्व्हरवर जात नाही.

इथले सापळे नवख्यांना महागात पडतात, म्हणून आत्ताच सांगतो. "तीन दिवस मोफत" म्हणून कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागणारी ॲपं चौथ्या दिवशी वर्षाचे पैसे कापतात. घेतलंच तर फोटो करून झाल्या झाल्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करा. अख्ख्या गॅलरीची परवानगी मागितली तर देऊ नका, एकच फोटो निवडायची सोय असते. कुणी व्हॉट्सॲपवर "फोटो सुधारक" म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) पाठवली तर ती उघडूच नका. लहान मुलांचे फोटो शक्यतो घरच्या संगणकावरच करा.

५. सूचना लिहिणं

जेमिनी किंवा चॅटजीपीटी वापरत असाल तर मराठीत लिहिलेलं चालतं. "हा फोटो छान कर" असं मात्र कधीही लिहू नका. छान म्हणजे त्याच्या लेखी गोरा, तरुण आणि हसरा. काय करायचं याच्याबरोबरच काय करायचं नाही हेही लिहा. मी साधारण असं लिहितो:

"हा जुन्या कृष्णधवल फोटोचा स्कॅन आहे. फक्त उभी चीर, डावीकडचा पाण्याचा डाग आणि वरचा फाटलेला कोपरा दुरुस्त कर. चेहरा, डोळे, नाक, ओठ, सुरकुत्या, केसांची ठेवण आणि वय जसंच्या तसं राहू दे. कातडी गुळगुळीत करू नकोस. रंग भरू नकोस. फोटोची चौकट आणि कोन बदलू नकोस."

शिक्का काढायचा असेल तर तेवढंच वेगळं मागा: "कपाळावरचा आणि उजव्या भुवईवरचा जांभळा गोल शिक्का काढ, खालची भुवई डाव्या भुवईसारखी ठेव." असं नेमकं सांगितलं की ते नेमकं वागतं.

एका वेळी एकाच प्रकारचा बदल मागा. पण त्याच गप्पांमध्ये पुन्हा पुन्हा सुधारत बसू नका. दर फेरीला चेहरा थोडा थोडा सरकतो आणि आपली नजर नव्या चेहऱ्याला सरावते, हे जास्त वाईट. दोन-तीन फेऱ्यांत जमलं नाही तर नवीन गप्पा उघडा, मूळ स्कॅन पुन्हा द्या आणि सूचना बदलून लिहा.

त्याच माणसाचा दुसरा स्पष्ट फोटो असेल तर तोही जोडा आणि "चेहऱ्याच्या ठेवणीसाठी हा संदर्भ" असं लिहा. फरक पडतो. फक्त वयातलं अंतर सांगा, नाहीतर तिशीतल्या आजोबांना साठीचे गाल येतात.

समूहाचा फोटो अख्खा देऊ नका. एकेका माणसाचा तुकडा कापून द्या आणि नंतर जोडा. वीस माणसांचा फोटो एकदम दिला की मागच्या रांगेतल्यांची तोंडं मेणाच्या पुतळ्यांसारखी होतात, हातांना बोटं जास्तीची येतात आणि कधी कधी दोन माणसांच्या मधे तिसराच कुणीतरी उगवतो.

६. मूळ चेहरा परत बसवणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरी किल्ली हीच आहे.

गिंप किंवा फोटोपीमध्ये मूळ स्कॅन उघडा. त्यावर एआयने दिलेला फोटो दुसरा थर म्हणून ठेवा. दोन्ही तंतोतंत जुळवा: वरचा थर अर्धा पारदर्शक करून डोळ्यांच्या बाहुल्या आणि कानाच्या पाळ्या एकावर एक येतात का बघा. एआय बऱ्याचदा आकार किंचित बदलतं, तेव्हा थोडं ताणावं लागतं. कितीही ताणून डोळे, नाक, हनुवटी एकत्र बसतच नसतील तर समजा, त्याने माणूस बदललाय. तो फोटो टाकून द्या.

जुळलं की वरच्या थराला मास्क (थराचा हवा तेवढा भाग लपवणारा पडदा) लावा आणि मऊ ब्रशने चेहऱ्यावरचा एआयचा थर पुसत जा, खालचा मूळ चेहरा वर येऊ द्या. डोळे, नाकाची बाजू, ओठांचे कोपरे, गालावरचा तीळ, देवीचे वण हे सगळं मूळचंच ठेवा. भिंत, पडदा, खुर्ची, कपडे, चिरा एआयचे राहिले तरी हरकत नाही. चेहऱ्यावरून चीर गेली असेल तर तेवढीच रेघ एआयची घ्या.

एक अडचण येते. मूळ चेहरा दाणेदार आणि बाकीचा फोटो गुळगुळीत, त्यामुळे चेहरा डकवल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय सोपा आहे: शेवटी सगळ्या फोटोवर हलकासा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाका. ज्या काळातला फोटो आहे त्या काळातला दिसू लागतो आणि जोड लपतो.

७. रंग भरणं

रंग भरायचेच का, हे आधी घरात विचारा. काहींना कृष्णधवलच हवा असतो आणि मला वाटतं त्यांचं बरोबर असतं. तरीही भरायचे असतील तर मूळ, दुरुस्त आणि रंगीत अशा तीन वेगळ्या फाइली ठेवा.

इथली गोम अशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या बऱ्याचशा निगेटिव्हच्या काचा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, निळ्याला मात्र फार तिखट. त्यामुळे त्या फोटोंत लाल वस्तू काळी पडलेली दिसते आणि निळी फिकट. पणजीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू काळं दिसतं, एआय त्याला काळी टिकली करतं किंवा डाग समजून पुसूनच टाकतं. काळपट दिसणारा शालू प्रत्यक्षात लालभडक असू शकतो, फिकट दिसणारी साडी आकाशी असू शकते. हे एआयला आपोआप कळत नाही. सूचनेत लिहावं लागतं: "कपाळावरचा गोल डाग म्हणजे कुंकू आहे, ते लाल ठेव, पुसू नकोस."

दागिन्यांचंही तसंच. आपल्या मोत्यांच्या नथीची ते गोल रिंग करून केसांपर्यंत साखळी नेऊन बांधतं. नऊवारीचा काष्टा त्याला समजत नाही, तिथे सहावारीच्या निऱ्या येतात आणि पायाशी घोळ दिसतो. ठुशी, बोरमाळ, मंगळसूत्राच्या वाट्या वितळून एकच जाड सोनेरी पट्टा होतो. पगडीचा फेटा होतो, फेट्याची पगडी. म्हणून दागिने आणि वस्त्रं सहाव्या पायरीप्रमाणे मूळ स्कॅनमधलीच ठेवा आणि वर फक्त रंगाचा थर चढवा. गिंपमध्ये त्या थराचा प्रकार बदलून रंगापुरता ठेवता येतो, मग आकार मूळचा आणि रंग एआयचा.

रंग कोणते, हे मावशीला, काकूला फोन करून विचारा. "आईची ती लग्नातली साडी कोणत्या रंगाची होती?" एवढं विचारायचा अवकाश, अर्धा तास माहिती मिळते: अंजिरी होती, काठ हिरवा होता, नंतर तिचं दुपटं शिवलं. कातडीच्या रंगाबद्दलही विचारा. नाही सांगितलं तर एआय घरातल्या प्रत्येकाला दोन छटा उजळ करतं.

एक जास्तीची गोष्ट. काही जुन्या फोटोंवर स्टुडिओतल्या चित्रकारानेच हाताने रंग भरलेले असतात, गाल गुलाबी, काठ सोनेरी. त्याला डाग समजून साफ करू नका. तीही एक कारागिरीच आहे, आणि हातचलाखी करणारे आपण पहिले नाही याचा पुरावासुद्धा.

८. ओळखणाऱ्या माणसाला दाखवणं

फोनवर पाठवून "कसा आलाय?" विचारलं की सगळे अंगठा दाखवतात. त्याऐवजी साध्या कागदावर दोन-तीन प्रती काढा, एक सौम्य दुरुस्तीची, एक जास्त दुरुस्तीची, आणि कोणती कशी हे न सांगता समोर ठेवा. मग गप्प बसा. "हसू वेगळं वाटतंय", "अण्णांचा एक डोळा जरा बारीक होता", "तिचे कान असे नव्हते" अशी वाक्यं येऊ लागतात. ती लिहून घ्या आणि सहाव्या पायरीवर परत जा. एआय दोन्ही डोळे सारखे करतं, आणि माणसाची ओळख पुष्कळदा त्या न जुळणाऱ्या डोळ्यांतच असते.

गेलेल्या माणसाचा फोटो हलता-हसता करायचा प्रकारही निघालाय. मायहेरिटेजने २०२१ मध्ये तो आणला तेव्हा खूप गाजला, आता तर बोलतेसुद्धा करता येतात. कुणाला तो बघून बरं वाटतं, कुणाला दोन दिवस झोप येत नाही. जवळच्यांना विचारल्याशिवाय कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, विशेषतः वर्ष झालेलं नसेल तर.

९. छपाई आणि जपणूक

३०० डीपीआयने हिशेब करा. ८ बाय १२ इंचांना २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. फाइल एसआरजीबी (sRGB) या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपेगच्या वरच्या दर्जात द्या. लॅबवाल्याला आठवणीने सांगा, "ऑटो करेक्शन बंद ठेवा, आहे तसाच छापा." नाहीतर एवढं जपलेलं त्यांचं मशीन पुन्हा उजळ करून ठेवतं. भिंतीवर लावायचा तर मॅट कागद घ्या, आणि फ्रेमवाल्याकडून फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) टाकून घ्या, म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

हा फोटो पासपोर्ट, पेन्शन किंवा वारस नोंदीच्या कागदांना जोडू नका, तिथे मूळच हवा. जेमिनीसारखी साधनं चित्रात न दिसणारी खूणही सोडतात, गुगल तिला सिंथआयडी म्हणतं. ती चित्र एआयचं असल्याचं सांगते, पण काय काय बदललंय ते सांगत नाही. म्हणून फाइलच्या नावातच लिहा: कोण, अंदाजे साल, "एआयने दुरुस्त", आणि कुठला भाग नव्याने भरलाय. छापलेल्या प्रतीच्या मागेही मऊ पेन्सिलीने तेच लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून उमटतो. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या कोरड्या खणात ठेवा. डांबराच्या गोळ्या त्याच्याजवळ ठेवू नका.